गावाच्या खोलीत राहून पाहिलं : करी रोड, उन्हाळा ते दिवाळी

लोअर परळला नोकरी लागली आणि ऑफिसला चालत जाता येईल अशा ठिकाणी पेइंग गेस्टचे भाव विचारले. एका कॉटला बारा-पंधरा हजार, वर डिपॉझिट. चंदगडकडच्या माणसाला अशा वेळी गावाची खोली आठवते, म्हणजे गिरण्यांच्या काळात गावकऱ्यांनी वर्गणी काढून मुंबईत धरलेली सामायिक खोली. करी रोड स्टेशनजवळच्या एका चाळीत आमच्या गावाची आहे. ओळखीला बापाचं नाव पुरलं. वर्गणी महिना ५००, वीजबिल त्यातच.

खोली साधारण दहा बाय पंधरा, वर पोटमाळा. रात्री बारा-तेरा जण झोपतात, रजिस्टरवर नावं त्याच्या दुप्पट. प्रत्येकाला एक पेटी, एक खुंटी आणि वळकटी पसरण्यापुरती जमीन. गिरणीच्या पाळ्या संपल्या तरी पाळीनं झोपणं चालूच आहे. रात्रपाळीचे सिक्युरिटीवाले सकाळी येतात, तेव्हा माझी जागा त्यांची. पाणी पहाटे, ते पिंपात भरायची पाळी ठरलेली. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याला मिळून. सकाळी साडेसातनंतर उठणाऱ्याचं काही खरं नाही.

जेवण खालच्या मजल्यावरच्या मावशींकडे. या भागातल्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. आता खाणावळी मोजक्याच उरल्यात. तरी ऑफिसच्या फूड कोर्टात एका थाळीला जे पैसे पडतात, त्यात इथं दोन-तीन दिवस भागतं, आणि भाकरी गरम असते.

झोप मात्र विसरा. फोनवर बोलायला जिन्यात जावं लागतं. घरून काम करायचं असेल तर इकडे फिरकूच नका. बायकांना खोलीत राहता येत नाही. लग्न झालं की गडी बाहेर, नाहीतर बायको गावी. आणखी एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही. गावात ज्या वस्त्या वेगळ्या, त्यांच्या खोल्या मुंबईतही वेगळ्याच. आमच्याच गावची दुसरी खोली दोन चाळी सोडून आहे आणि दोन्हींच्या मीटिंगा कधी एकत्र होत नाहीत. स्वस्ताईचं कौतुक करताना हेही सांगायला हवं.

गॅलरीत उभं राहिलं की चहूकडे टॉवर. श्रीनिवास मिलच्या जागेवर २८० मीटरचा वर्ल्ड वन, फिनिक्स मिलचा मॉल. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यातले कितीतरी कामावर परतलेच नाहीत. १९९१ च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागा आणि सार्वजनिक घरांसाठी ठेवला होता. २००१ च्या बदलानं तो हिशेब फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम केला. त्या टॉवरच्या गेटवर आमच्याच खोलीतले दोघं ड्युटी करतात.

आता चाळीचाही पुनर्विकास निघालाय. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीत भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मालकीनं मिळतं. चाळीतल्या कुटुंबांची चैन आहे, मीही त्यांच्या जागी असतो तर लगेच सही केली असती. आमची गोची वेगळी. भाडेपावती एका जुन्या गिरणीकामगाराच्या नावावर. त्यानं ती गावातर्फे धरली, पैसे सगळ्यांनी भरले, पण कागदावर गाव कुठंच नाही. तो गेला, आता वारस म्हणतात घर आमचं. कायद्यानं त्यांचं चुकतं असंही छातीठोक म्हणता येत नाही. आणि समजा घर खोली चालवणाऱ्या गावाच्या मंडळाला मिळालं, तरी नव्या सोसायटीत एका फ्लॅटमध्ये पंधरा पेट्या कोण ठेवू देणार? मेंटेनन्सच वर्गणीच्या कितीतरी पट होईल. चाळ जुनी आहे, पावसात जिना गळतो, ती पडायच्या आत काहीतरी झालंच पाहिजे. पण पंचवीस जणांची खोली नावाची गोष्ट योजनेच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

एकट्या, नव्यानं नोकरीला लागलेल्या पोराला वर्ष-दोन वर्षं काढायला मी बिनधास्त जा म्हणेन. दहा तारखेनंतरच्या रविवारी मीटिंग असते, तेव्हा सेक्रेटरीला भेटा आणि रजिस्टरवर नाव चढवून घ्या. ट्रंक छोटी आणा, मोठी माळ्यावर मावत नाही. आणि तुमच्या गावाचीही अशी खोली असेल, तर पावती कुणाच्या नावावर आहे ते या महिन्यातच बघा. वर्गणीच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नका.