पडलेली सर्व्हिस दाखवते, चुकलेला क्रम लपवते: सिस्टिमडीच्या तपास-साधनांचे परीक्षण

लिनक्सवर सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) उठली नाही की सिस्टिमडीसोबतच, म्हणजे सर्व्हिस सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या व्यवस्थेसोबतच, मिळणारी तीन साधने कामाला येतात: सर्व्हिस हाताळणारे सिस्टिमसीटीएल, लॉग दाखवणारे जर्नलसीटीएल आणि बूटचा वेळ व युनिट तपासणारे सिस्टिमडी-ॲनालाइझ. पहिली दोन उत्तम. तिसऱ्यातली सगळ्यात लोकप्रिय आज्ञा, ब्लेम, मात्र बऱ्याचदा चुकीच्या वाटेला लावते.

सिस्टिमसीटीएल स्टेटसला पैकीच्या पैकी गुण. एका पडद्यावर अवस्था, एक्झिट कोड (बंद पडताना मागे राहिलेला आकडा) आणि लॉगच्या शेवटच्या १० ओळी मिळतात. कोड वाचायची सवय लावली तर निम्मा तपास तिथेच संपतो. १ किंवा २ दिसला तर तक्रार प्रोग्रामची. २०० आणि त्यापुढचे आकडे बहुधा सिस्टिमडीचे, म्हणजे प्रोग्राम सुरू होण्याआधीच गाडी अडली. २०३ म्हणजे एक्झेकस्टार्टमधली, म्हणजे सर्व्हिस सुरू करणाऱ्या आज्ञेतली, फाईल चालवता आली नाही: पाथ चुकला, एक्झिक्यूटची परवानगी नाही किंवा स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर जागेवर नाही. २१७ म्हणजे युनिटमध्ये (सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाईलमध्ये) लिहिलेला यूजरच सापडला नाही. २०० म्हणजे वर्किंग डिरेक्टरीत शिरता आले नाही.

'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' हा संदेश मात्र कारण म्हणून वाचू नका. तो परिणाम आहे. खरे कारण लॉगमध्ये त्याच्या वरच्या ओळींत असते. मूळ सेटिंगनुसार १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झाले की सिस्टिमडी हात वर करते, आणि रीस्टार्टसेकची (पुन्हा सुरू करण्याआधी थांबायच्या वेळेची) मूळ किंमत आहे फक्त १०० मिलिसेकंद. डेटाबेस तयार व्हायला ३ सेकंद लागत असतील आणि तो नाही म्हणून सर्व्हिस लगेच बंद पडत असेल, तर पाचही संधी तेवढ्यात संपतात. रीस्टार्टसेक ५ सेकंद केले की ही मर्यादा गाठलीच जात नाही. हाताने पुन्हा सुरू करण्याआधी सिस्टिमसीटीएलचे रीसेट-फेल्ड चालवून ही मोजणी पुसायची.

आता अवलंबित्व. युनिटमध्ये रिक्वायर्स लिहिले की दुसरी सर्व्हिस सोबत ओढली जाते, पण आधी कोण हे ठरत नाही. सोबत आफ्टर ('हिच्यानंतर सुरू हो') नसेल तर दोन्ही एकाच वेळी सुटतात. उलट नुसते आफ्टर कोणालाही ओढून आणत नाही. जोडी हवीच, आणि बहुतेक ठिकाणी रिक्वायर्सपेक्षा वॉन्ट्स बरे; तेही ओढून आणते, पण दुसरी पडली तरी आपली सर्व्हिस सुरू होते. इथे साधनाची पहिली उणीव उघडी पडते: सिस्टिमसीटीएलची लिस्ट-डिपेंडन्सीज आज्ञा आपणहून फक्त ओढून आणणारी नाती दाखवते. क्रम बघायचा तर आफ्टरचा पर्याय वेगळा द्यावा लागतो, आणि ते लक्षात नसेल तर झाड बघून सगळे ठीक वाटते.

त्यातही आफ्टर थांबते ते आधीची सर्व्हिस 'ॲक्टिव्ह' होईपर्यंतच. युनिटमधला टाइप सिंपल असेल तर प्रोसेस निर्माण झाली की सर्व्हिस ॲक्टिव्ह धरली जाते; पोर्ट उघडले की नाही, याच्याशी देणेघेणे नाही. म्हणून प्रोग्राम स्वतः तयारीची सूचना देत असेल तर नोटिफाय हा टाइप वापरावा. सूचना न देणाऱ्या प्रोग्रामला नोटिफाय लावले तर मूळ सेटिंगनुसार ९० सेकंद वाट पाहून सिस्टिमडी त्याला बंद करते. चालणारा प्रोग्राम दर दीड मिनिटाने मरताना दिसला तर आधी टाइप बघा.

नेटवर्कचेही तसेच. नेटवर्क टार्गेट (टार्गेट म्हणजे बूटमधला ठरलेला टप्पा) गाठले म्हणजे आयपी मिळाला असे नव्हे. त्यासाठी नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट, वॉन्ट्स आणि आफ्टर दोन्हींत. शिवाय नेटवर्कची वाट पाहणारी वेट-ऑनलाइन सर्व्हिस प्रत्यक्ष वापरात असलेल्या नेटवर्क व्यवस्थापकाचीच हवी. इंटरफेस नेटवर्कमॅनेजरकडे आणि वाट पाहणारी सर्व्हिस नेटवर्कडी या दुसऱ्या व्यवस्थापकाची, असा घोळ झाला तर बूट १२० सेकंद अडकू शकते.

सिस्टिमडी-ॲनालाइझ ब्लेमची, म्हणजे सुरू व्हायला कोणाला किती वेळ लागला याची, यादी आकर्षक दिसते, पण एखादी सर्व्हिस दुसरीच्या वाट पाहण्यामुळे रेंगाळली का, हे ती सांगत नाही. सिंपल प्रकाराच्या सर्व्हिसना तर तिथे वेळच नसतो. एकमेकांसाठी थांबणाऱ्या युनिटची साखळी दाखवणारी क्रिटिकल-चेन जास्त कामाची: @ नंतर युनिट केव्हा ॲक्टिव्ह झाले ते, + नंतर सुरू व्हायला किती वेळ लागला ते.

सगळ्यात मोठी खोट क्रमाच्या चक्राबाबत. अ नंतर ब, ब नंतर अ असे वर्तुळ तयार झाले की सिस्टिमडी त्यातल्या एका सर्व्हिसचे सुरू होण्याचे काम रद्द करून बूट पुढे नेते. ती सर्व्हिस 'फेल्ड' नव्हे, 'इनॲक्टिव्ह' दिसते, म्हणजे फेल्डच्या यादीत तिचे नावच नाही! जर्नलसीटीएलमध्ये त्या बूटच्या लॉगात 'ऑर्डरिंग सायकल' शोधावे लागते. युनिट बदलल्यावर ॲनालाइझ व्हेरिफाय चालवले तर असे चक्र बूटआधीच पकडता येते.

दुरुस्तीसाठी सिस्टिमसीटीएल एडिट सोयीची आहे; ती मूळ युनिटला हात न लावता बदलांची वेगळी छोटी फाईल, ड्रॉप-इन, तयार करते. रीलोडही तीच करते. एक्झेकस्टार्ट बदलताना आधी त्याची रिकामी ओळ द्यायला विसरू नका, नाहीतर दोन आज्ञा झाल्याची तक्रार येते. पण ही युक्ती आफ्टरला लागू नाही: ड्रॉप-इनमधून अवलंबित्व वाढवता येते, काढता येत नाही. नको असलेले आफ्टर घालवायचे तर एडिटला फुल हा पर्याय देऊन युनिटची पूर्ण प्रतच बदलावी लागते, आणि पॅकेजच्या पुढच्या अपडेटमधले बदल त्या प्रतीत आपोआप येत नाहीत.