चालू तास शून्य, तरी डिस्क जुनी: मीडिया सर्व्हरसाठी हार्ड डिस्क घेताना झालेली फसवणूक

घरच्या मीडिया सर्व्हरसाठी १२ टीबीच्या चार सीगेट एक्सॉस डिस्क मागवल्या होत्या. बिलावर ‘नवीन’ असं स्पष्ट छापलेलं होतं. पाकीट सीलबंद, आत सिलिका जेलची पुडी, जोडल्यावर स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, चालू तास (डिस्क आजवर किती तास चालली) शून्य. तरीही चारपैकी तीन डिस्क वापरलेल्या निघाल्या. ही लबाडी विकणाऱ्याची होती, डिस्क बनवणाऱ्या कंपनीची नव्हे. पण ती कशी पकडायची हे माहीत नसतं, तर वर्षानुवर्षांचे कौटुंबिक फोटो आणि व्हिडिओ त्याच डिस्कवर गेले असते.

शंका आली ती साटाच्या, म्हणजे डिस्क कॉम्प्युटरला जोडायच्या कनेक्टरच्या, सोनेरी पट्ट्यांवरून. कोऱ्या डिस्कच्या पट्ट्या सलग चमकतात. या तीन डिस्कवर प्रत्येक पट्टीच्या मधोमध केसासारखा बारीक ओरखडा होता. कनेक्टर एकदा जरी आत-बाहेर केला, तरी तो उमटतो. बाजूच्या स्क्रूच्या भोकांभोवतीचा रंगही उडालेला होता, म्हणजे डिस्क कधीतरी ट्रेमध्ये कसली होती. एकट्या ओरखड्यावरून काही सिद्ध होत नाही, कारखान्यातही चाचणी होतेच. पण अशी खूण दिसली की पुढची तपासणी टाळू नका.

स्मार्टचे आकडे डिस्कच्याच फर्मवेअरकडे (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरकडे) असतात आणि दुरुस्तीच्या साधनांनी ते पुसता येतात. नऊ क्रमांकाची नोंद, म्हणजे चालू तास, शून्य करणं त्यात आलंच. सीगेटच्या डिस्कमध्ये मात्र फार्म नावाची वेगळी नोंदवही असते आणि स्मार्ट पुसलं तरी ती बहुतेक वेळा तशीच राहते. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत नव्या म्हणून विकलेल्या एक्सॉस डिस्कचं प्रकरण उघडकीला आलं, ते याच नोंदीमुळे. चिया या क्रिप्टो चलनाच्या मायनिंगमध्ये राबलेल्या डिस्क बाजारात परत आल्या असाव्यात, असा त्या वेळी संशय होता.

फार्मची नोंद वाचायला स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरची ७.४ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. त्यातल्या स्मार्टसीटीएल आज्ञेला लहान ‘एल’चा पर्याय, त्यापुढे ‘फार्म’ हा शब्द आणि शेवटी डिस्कचं नाव द्यायचं. डिस्क मदरबोर्डच्या साटा पोर्टला थेट जोडा, कारण यूएसबी डॉकमधून ही नोंद अनेकदा वाचताच येत नाही. मग फार्ममधले चालू तास आणि स्मार्टमधले चालू तास शेजारी ठेवून बघा. खऱ्या नव्या डिस्कमध्ये दोन्ही जवळपास सारखे असतात. आमच्या तीन डिस्कमध्ये स्मार्ट शून्य सांगत होतं आणि फार्म हजारो तास. फार्ममधले हेड फ्लाइट अवर्स (वाचणारं-लिहिणारं हेड चकतीवर तरंगत राहिलं ते तास) आणि स्पिंडलचे (चकती फिरवणाऱ्या दांड्याचे) तासही बघा, तेही त्याच प्रमाणात फुगलेले दिसतात. उलट, दोन्ही आकडे जुळले म्हणून निर्धास्त होऊ नका. एक नोंद पुसणारा दुसरीही पुसू शकतो. शिवाय इतर कंपन्यांच्या डिस्कमध्ये फार्म नसतंच.

म्हणून दुसरा पुरावा वॉरंटीचा. पाकीट फोडायच्या आधी लेबलवरचा सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाका. एक्सॉसची वॉरंटी पाच वर्षांची. नवी म्हणून घेतलेल्या डिस्कवर दोनच वर्षं उरली असतील, तर तिची पहिली विक्री कधीच झालेली आहे. ‘ओईएम’ असा शेरा आला, तर डिस्क कुठल्यातरी तयार सर्व्हरसोबत गेलेली असते आणि कंपनी तुम्हाला थेट वॉरंटी देत नाही. जोडल्यावर फर्मवेअरनं सांगितलेला सिरियल नंबर लेबलशी ताडून बघा, कारण लेबल बदलता येतं.

त्यानंतर पूर्ण लेखन-चाचणी. बॅडब्लॉक्स हे डिस्कवरच्या खराब जागा शोधणारं साधन लेखन-पद्धतीत चार नमुने लिहून वाचतं, म्हणजे डिस्कवरून आठ फेऱ्या. सरासरी १८० एमबी प्रतिसेकंद धरली, तर १२ टीबीची एक फेरी साधारण साडेअठरा तासांची, म्हणजे सगळी चाचणी सहा दिवसांच्या आसपास. परतीची मुदत दहा दिवसांची असेल, तर डिस्क आल्या दिवशीच चाचणी लावा. या चाचणीत डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे आज्ञेतलं डिस्कचं नाव दोनदा वाचा. डिस्क टेबलावर उघडी ठेवून चालवू नका, पंखा लावा, तापमान ४५ अंशांच्या खाली ठेवा. चाचणीआधी आणि नंतर स्मार्टमधल्या ५, १९७ आणि १९८ या नोंदी (डिस्कवरच्या खराब जागांची मोजदाद) बघा. त्यातली एक जरी शून्यावरून हलली, तर डिस्क परत. १९९ (डेटा ने-आण करतानाच्या चुका) वाढली तर मात्र दोष बहुधा केबलचा असतो, आधी केबल बदला.

स्वस्त डिस्कच्या जाहिरातीत आणखी एक गोष्ट लपवलेली असते: एसएमआर. यात ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे सलग लिहिताना कॅश भरली की वेग कोसळतो. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल या डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं मान्य केलं, की तिच्या ‘रेड’ (Red) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत. मॉडेल नंबराच्या शेवटी ईएफएएक्स असलेल्या त्या क्षमतांच्या डिस्क एसएमआर होत्या, ईएफआरएक्स असलेल्या जुन्या नव्हत्या. झेडएफएसमध्ये (अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये) डिस्क बदलून पुनर्बांधणी करताना अशा डिस्क अडकतात. एकदा लिहून पुढे फक्त वाचायच्या चित्रपटसंग्रहाला त्या एकवेळ चालतील, अनेक डिस्क एकत्र जोडायच्या RAID मांडणीसाठी नकोच. मॉडेल नंबर पूर्ण लिहून मागा. नुसतं ‘४ टीबी नासची (नेटवर्कवरच्या साठवण-पेटीची) डिस्क’ एवढंच सांगणाऱ्याकडून घेऊ नका.

तक्रार करताना विकणाऱ्यानं पहिलं उत्तर दिलं, की ते तास कारखान्यातल्या चाचणीचे आहेत. कारखान्यातली चाचणी हजारो तास चालत नाही. लेबलचा फोटो, बिल, वॉरंटीच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि स्मार्ट व फार्मच्या नोंदींची मजकूर फाइल, हे चारही एकत्र पाठवल्यावर त्यानं तिन्ही डिस्क परत घेतल्या. फाइलमध्ये सिरियल नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, नाहीतर ‘ही आमची डिस्कच नाही’ असं म्हणायला वाव मिळतो. परत पाठवण्याआधी वेगळं पुसायची गरज पडत नाही: बॅडब्लॉक्सचा शेवटचा नमुना शून्यांचा असतो, चाचणी पूर्ण झाली असेल तर डिस्क कोरीच असते.