रक्तप्रवाह परतल्यानंतरची इजा: कोणते अँटिऑक्सिडंट कितपत उपयोगी?

इंदूरमध्ये रामबागेतल्या किंवा सुदामा नगरातल्या एखाद्या मराठी घरी पक्षाघाताचा रुग्ण असेल, तर एडारावोन या अँटिऑक्सिडंट औषधाचे इंजेक्शन घ्यावे का, हा प्रश्न बहुधा घाईतच समोर येतो. गुठळीने रक्तपुरवठा थांबल्याने पेशी मरतातच. परंतु गुठळी निघून रक्त परतताच, पहिल्या काही मिनिटांत, मायटोकाँड्रियातून, म्हणजे पेशींतल्या ऊर्जाकेंद्रांतून, फ्री रॅडिकल्सचा (अँटिऑक्सिडंट ज्यांना निष्प्रभ करतात त्या घातक रेणूंचा) लोट उसळतो आणि तगलेल्या पेशींनाही इजा करतो. म्हणून औषध त्या क्षणी त्या जागी पोहोचलेले असते का, हीच तुलनेची खरी कसोटी मानावी.

एडारावोनला जपानने 2001 मध्ये पक्षाघातासाठी मान्यता दिली आणि ते भारतातही मिळते. अमेरिकेत मात्र 2017 ची मान्यता एएलएस या चेतापेशींच्या वेगळ्या आजारापुरती आहे. याच धर्तीच्या एनएक्सवाय-059 या औषधाने 2006 च्या चाचणीत आशा दाखवली आणि पुढच्याच वर्षीच्या मोठ्या चाचणीत ती टिकली नाही, त्यामुळे मी एडारावोनकडे सावधपणेच पाहतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत मिळणे याहून कितीतरी महत्त्वाचे आहे. एडारावोन त्याला जोड म्हणून देता येईल, पर्याय म्हणून कदापि नाही. मूत्रपिंड अधू असल्यास ते धोक्याचे ठरू शकते, तेव्हा होकार देण्यापूर्वी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा) अहवाल डॉक्टरांना अवश्य विचारावा.

अँजिओग्राफीतल्या डायमुळे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो, म्हणून एन-ॲसिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या देण्याची पद्धत रूढ झाली. मूत्रपिंडाचा धोका असलेल्या सुमारे 5,000 रुग्णांवरील, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांचा लाभ दिसला नाही. त्यापेक्षा शरीरातले पाणी पुरेसे राखणे आणि डाय कमीत कमी वापरणे मला अधिक पटते.

प्रत्यारोपणात वेळ साधता येते, कारण अवयव रक्तप्रवाह जोडण्याआधीच तो टिकवणाऱ्या द्रावात असतो. इंदूरच्या ग्रीन कॉरिडॉरमुळे, म्हणजे अवयव नेण्यासाठी मोकळ्या केलेल्या रस्त्यामुळे, त्याचा प्रवासातला वेळ वाचतो. यूडब्ल्यू या प्रचलित द्रावात ग्लुटाथायोन आणि ॲलोप्युरिनॉल हे फ्री रॅडिकल्सना आवर घालणारे घटक मुळातच घातलेले असतात. त्याची निवड शल्यचिकित्सकांचे पथक करते, कुटुंबाला वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूलवर खर्च करू नये. 2000 सालच्या होप चाचणीत रोज 400 युनिट घेऊनही हृदयविकार किंवा पक्षाघात टळला नाही. शिवाय मोठ्या मात्रेत ते रक्तस्रावाची शक्यता वाढवते, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी ते आधीपासून घेत असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे.