एका दिवसाचं वर्कशॉप, मॅनेजमेंट कॉलेज, ऑनलाइन कोर्स की क्लब? गोव्यातल्या नोकरदारासाठी

माझ्या ऑफिसच्या टेबलाच्या खालच्या खणात सात सर्टिफिकेटं आहेत. सगळी जाड कागदावरची, दोन तर सोनेरी बॉर्डरची. वेर्ण्याच्या कारखान्यात परचेसमध्ये चौदा वर्षं काढली, त्यात कंपनीने पाठवलं म्हणून पाच आणि स्वतःच्या खिशातून दोन अशी ही जमा. त्यातल्या दोन ठिकाणी शिकलेलं आजही रोज कामात येतं. बाकीच्या पाचांचं दुपारचं जेवण तेवढं आठवतं.

यंदा एकाच आठवड्यात दोघांनी मला तोच प्रश्न विचारला. एक माझी भाची, कळंगुटच्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. तिथे सुपरवायझरची जागा रिकामी होणार आहे. दुसरा आमच्याच डिस्पॅचमधला सहकारी. तो पूर्वी डिचोलीकडे खाणीवर वजनकाट्याच्या ऑफिसात होता. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि फिरत फिरत आमच्याकडे आला. दोघांचं गाऱ्हाणं सारखंच: पैसे आणि सुट्टी वर्षातून एकदाच जमणार, मग ती कशावर घालवू?

सरकारी नोकरांना हा प्रश्न फारसा पडत नाही. त्यांना जुन्या गोव्याला एला येथे गिपार्ड ही सरकारी ट्रेनिंग संस्था आहे, खात्यातून ऑर्डर निघते आणि जावं लागतं. प्रश्न आपला, खासगीवाल्यांचा.

हॉटेलच्या हॉलमधला एक दिवस

पणजी, म्हापसा, मडगाव, कुठेही बघा, जून लागला की या कार्यशाळांचं पीक येतं. टुरिस्ट नसतात, हॉल रिकामे असतात आणि हॉटेलवाले स्वतःच्या माणसांचं ट्रेनिंगही याच दिवसांत उरकतात. विषय ठरलेले: लीडरशिप, टाइम मॅनेजमेंट, कम्युनिकेशन, ॲडव्हान्स्ड एक्सेल. नऊला रजिस्ट्रेशन, मग सगळ्यांना गोलात उभं करून काहीतरी खेळ, अकराला चहा आणि पॅटिस. पत्रकावर फी मोठ्या आकड्यात असते आणि १८ टक्के जीएसटी खाली बारीक अक्षरात. तो धरूनच हिशोब करा.

माझं एक्सेलचं वर्कशॉप असंच झालं. ट्रेनर हुशार होता, खोटं का बोलू? पण त्याची शीट आरशासारखी स्वच्छ. तारीख एका कॉलममध्ये, माल दुसऱ्यात, रक्कम तिसऱ्यात. दोन क्लिकमध्ये पिव्हट टेबल, म्हणजे आपोआप बेरजा मांडणारा तक्ता, तयार, सगळ्यांच्या टाळ्या. सोमवारी मी माझी शीट उघडली. तिच्यात तीन जणांनी तीन तऱ्हांनी तारखा भरलेल्या, एकाने तर १२.०४.२३ अशी टिंबं देऊन. आमच्या एक्सेलच्या लेखी ती तारीखच नाही, नुसती अक्षरं. महिन्यावार बेरीज मागितली की त्या ओळी बाहेरच उभ्या. पुरवठादाराच्या नावापुढे कुणीतरी एक स्पेस सोडलेली, त्यामुळे एकच पार्टी दोन वेगवेगळ्या पार्ट्या झालेल्या. आणि माहिती शोधून आणणाऱ्या ज्या एक्सलुकअप फंक्शनचं दुपारभर कौतुक झालं, ते माझ्या कॉम्प्युटरवर सापडेचना. आमच्याकडे २०१६ चं एक्सेल, त्यात ते येतच नाही.

शेवटी मला मार्ग दाखवला तो अकाउंट्समधल्या मुलीने, वीस मिनिटांत, चहा पिता पिता. नावांसाठी ट्रिम, तारखांसाठी टेक्स्ट टू कॉलम्स. माझ्या उपयोगाच्या दोन गोष्टींपैकी एक हीच. सर्टिफिकेट मात्र वर्कशॉपचं.

तेव्हापासून मी पैसे भरण्याआधी फोन करून एकच विचारतो: माझी फाइल आणली तर चालेल का? चालेल म्हणाले तर निम्मी लढाई जिंकली. 'आमचं स्टडी मटेरियल रेडी आहे सर' असं उत्तर आलं तर मी नम्रपणे फोन ठेवतो.

दिवस संपताना फीडबॅक फॉर्म येतो. जेवण कसं होतं, हॉल कसा होता, ट्रेनर कसा वाटला. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्ये ट्रेनिंग तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: माणसाला आवडलं का, तो शिकला का, कामावर त्याची वागणूक बदलली का, आणि शेवटी कामाचा निकाल सुधारला का. आपले फॉर्म पहिल्या पायरीवरच संपतात. दुसरीचा कधीमधी एखादा क्विझ होतो. तिसरीसाठी दोन महिन्यांनी कुणीतरी पुन्हा विचारावं लागतं आणि तो फोन मला अजून कुणाचाही आलेला नाही.

म्हणून एक दिवसाची कार्यशाळा वाईट असं मात्र नाही. जिथे नवी माहिती हवी असते तिथे तिच्यासारखं स्वस्त काही नाही. जीएसटीत बदल झाला, लेबर कायद्याचा नवा नियम आला, निर्यातीची कागदपत्रं समजून घ्यायची आहेत, तर एक दिवस पुष्कळ झाला. अशा गोष्टींसाठी पणजीच्या गोवा चेंबर ऑफ कॉमर्सकडे लक्ष ठेवा. पोर्तुगीज अमदानीत, १९०८ साली सुरू झालेली संस्था, आणि तिथे समोर बसलेली माणसं धंद्यातलीच असतात. काही ट्रेनिंगं तर कायद्यानेच आलेली आहेत, तिथे निवडीचा प्रश्न नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार मालकाला ठरावीक काळाने कार्यशाळा घ्याव्या लागतात. खाद्यपदार्थांच्या लायसन्सवाल्या धंद्यात अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे फॉस्टॅक, म्हणजे अन्नसुरक्षेचं सरकारमान्य ट्रेनिंग, केलेला एक सुपरवायझर लागतो. गोव्यात किचनमध्ये पुढे जायचं असेल तर 'लीडरशिप'च्या सोनेरी कागदापेक्षा या फॉस्टॅकच्या कागदाला जास्त भाव आहे.

साखळीचा डोंगर

मॅनेजमेंट संस्थांचे दोन-तीन दिवसांचे कार्यक्रम ही दुसरी वाट. गोव्यात पहिलं नाव गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचंच निघतं. १९९३ मध्ये रायबंदरला सुरू झालेली ही संस्था आता साखळी शहराजवळ आहे. इथे खेळ कमी, केस जास्त. एका कंपनीची अडचण वाचायला देतात, गटात भांडायला लावतात आणि मग प्राध्यापक तुमचं म्हणणं उलटंपालटं करून तपासतो. फी हॉटेलातल्या वर्कशॉपच्या तुलनेत जड, म्हणून बहुतेक जण कंपनीच्या पैशांनीच जातात. काणकोणहून येणाऱ्याला अख्खा गोवा ओलांडावा लागतो, तेव्हा राहण्याची सोय आहे का ते आधी विचारा.

ही वाट ज्यांच्या हाताखाली पाच-दहा माणसं आहेत आणि ज्यांना बजेटवर सही करता येते, त्यांच्यासाठी. नाहीतर केस ऐकायला छान वाटते, पण परत आल्यावर तुम्ही काय बदलणार? रजेचा अर्जसुद्धा तुमच्या हातात नसतो. एक फायदा मात्र कुणीच छापत नाही. बाजूच्या खुर्चीवर कुंडईच्या किंवा पिळर्णच्या दुसऱ्या कारखान्यातला तुमच्याच खात्याचा माणूस बसलेला असतो. माझ्या बाजूला असाच एक होता. दरवर्षी पावसात ट्रान्सपोर्टर अडवून धरतात त्याचं काय करतोस, असं मी त्याला जेवताना विचारलं. त्याने मे महिन्यातच पावसाळ्याचे दर बांधून घ्यायची युक्ती सांगितली. माझ्या उपयोगाची दुसरी गोष्ट ती.

फुकट, पण परीक्षा खरी

ऑनलाइनमध्ये हजार जाहिराती आहेत. मी एकाबद्दलच बोलतो, कारण तोच मी पुरा केला: एनपीटीईएल. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीचा हा उपक्रम, कोर्स स्वयम पोर्टलवर मिळतात. चार, आठ किंवा बारा आठवडे. व्हिडिओ बघणं, दर आठवड्याची असाइनमेंट भरणं सगळं फुकट. सर्टिफिकेट हवं असेल तरच १००० रुपये भरून सेंटरवर जाऊन परीक्षा द्यायची. असाइनमेंटचे २५ मार्क, परीक्षेचे ७५. परीक्षेत ७५ पैकी निदान ३० हवेतच, नाहीतर कागद नाही. सही करून जेवून आलात की सर्टिफिकेट, असला प्रकार इथे नाही, म्हणून मुलाखत घेणाऱ्याला तो कागद दाखवताना लाज वाटत नाही.

अडचण शिस्तीची. पहिले दोन आठवडे आपण सूर्य उगवण्याआधी उठून व्हिडिओ बघतो. तिसऱ्यात घरी पाहुणे येतात. शिवाय गोव्याचं कॅलेंडर वेगळं. जुलैत सुरू झालेल्या कोर्सच्या मध्येच चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येते आणि त्या आठवड्यात इथे कुणी पुस्तकाला हात लावत नाही. हॉटेलवाल्यांनी जुलैतला आठ आठवड्यांचा घ्यावा, तो सप्टेंबरात आटपतो. बारा आठवड्यांचा घेतलात तर ऑक्टोबर उजाडतो आणि सिझन दारात उभा. जानेवारीच्या सत्राचं तर नावच काढू नका.

आणखी एक, ऑनलाइनवर ज्ञान मिळतं, पण तुमचा ईमेल उद्धट वाटतो हे तिथला व्हिडिओ तुम्हाला सांगणार नाही.

क्लबची संध्याकाळ

ते सांगतो क्लब. भाषणाचा सराव करणाऱ्या टोस्टमास्टर्स क्लबांची सुरुवात १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडली यांनी केली. पणजीतही क्लब आहे. सभासद होण्याआधी पाहुणा म्हणून फुकट बसता येतं, तेव्हा जाऊन बघाच. मी गेलो त्या संध्याकाळी मला उभं केलं आणि विषय तिथल्या तिथे सांगितला: 'तुमच्या खिशातली सर्वांत निरुपयोगी वस्तू'. एक ते दोन मिनिटं बोलायचं. समोर वेळ दाखवणारा बसलेला, आधी हिरवा, मग पिवळा, मग लाल. आणखी एक जण हातात पेन घेऊन फक्त 'अं', 'यू नो', 'बेसिकली' मोजतो. सगळं झाल्यावर त्याने उठून शांतपणे वाचलं: मी दीड मिनिटात 'बेसिकली' अकरा वेळा म्हटलं होतं. चौदा वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

इथे ट्रेनर कुणीच नसतो, सभासदच एकमेकांना शिकवतात. त्यामुळे कुणाचं मार्गदर्शन बरं, कुणाचं नुसतंच गोड. फळ दिसायला सहा-आठ महिने लागतात. आणि मुलाखतीत 'मी क्लबला जातो' याला कागदाचं वजन नाही. पण चुका दाखवण्यात या चौघांमध्ये हीच वाट पहिली.

तर त्या दोघांचं काय?

डिस्पॅचवाला आला तेव्हा त्याच्या हातात 'पब्लिक स्पीकिंग'च्या एका दिवसाच्या वर्कशॉपचं पत्रक होतं. महिन्याच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये त्याला आकडे सांगायचे असतात आणि तिथे त्याला घाम फुटतो. आता गंमत अशी की हाच माणूस गावच्या देवळातल्या कालोत्सवात दरवर्षी ऐतिहासिक नाटकात उभा राहतो. रात्री दोन वाजता, माइक बंद पडला तरी, शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला ऐकू जाईल असा आवाज. त्याला कसली स्टेजची भीती शिकवणार? चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून एकदम इंग्रजी, घरात कोंकणी. त्याची अडचण इंग्रजीची आहे, आणि तीही सगळ्या इंग्रजीची नाही. 'माल अडकला', 'उशीर झाला', 'गेल्या महिन्यापेक्षा कमी' हे सांगणाऱ्या चाळीसेक वाक्यांची.

वर्कशॉपने त्याला हातवारे शिकवले असते, जे त्याला आधीच गरजेपेक्षा जास्त येतात. मी त्याला क्लबचं सुचवलं. तिथे इंग्रजीत चुकत चुकत बोलायला परवानगी आहे आणि पुढच्या वेळी पुन्हा उभं राहावं लागतं. तो पहिल्यांदा पाहुणा म्हणून जाऊन आला. म्हणाला, "लाल लाइट लागला तरी मी थांबलोच नाही, नाटकाची सवय."

भाचीचं प्रकरण नाजूक. तिने 'इमर्जिंग लीडर्स' की काहीतरी नावाच्या कार्यक्रमासाठी पैसे बाजूला काढले होते. मी विचारलं, "बाय, सुपरवायझर झालीस तर तुला पहिल्या दिवशी काय जड जाईल?" ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मामा, काल ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांना आज शिफ्ट बदलायला कसं सांगू?"

याचं वर्कशॉप कुठेच मिळत नाही. साखळीचा कार्यक्रम तिला पुढे दोन-तीन वर्षांनी, हाताखाली माणसं आल्यावर उपयोगी पडेल, आज त्याचे पैसे वाया जातील. तिला मी सांगितलं, ड्युटी मॅनेजरकडे सकाळच्या ब्रीफिंगची महिनाभराची जबाबदारी मागून घे. ऑफ-सिझन आहे, दहा जणच असतील, चुकलीस तरी गेस्ट कमी. सोबत जुलैपासूनचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स, माणसं सांभाळण्याच्या विषयावरचा. परीक्षेचे १००० रुपये तेवढे खर्च, बाकीचे पैसे शाबूत.

मॅनेजरने ब्रीफिंग द्यायला होकार दिला, पण एका अटीवर: रोज संपल्यावर पाच मिनिटं त्याच्या केबिनमध्ये यायचं आणि काय चुकलं ते ऐकायचं. पहिल्या दिवशी तिला सांगण्यात आलं की तिने दहा मिनिटांत एकाचंही नाव घेतलं नाही. रात्री मला फोन करून रडली. दुसऱ्या दिवशी तळहातावर नावं लिहून गेली.