थेरपी व्हिडिओवर घ्यावी की प्रत्यक्ष जाऊन? मुंबईकरासाठी एक तुलना

चिंताविकार किंवा नैराश्यासाठी थेरपी घ्यायची, इथपर्यंत तुमचे ठरले असेल, तर पुढचा प्रश्न असतो तो घरबसल्या व्हिडिओ कॉलवर सेशन घ्यावे की थेरपिस्टकडे प्रत्यक्ष जावे, हा. मी दोन्ही केले आहे. आधी कांदिवलीच्या घरातून व्हिडिओवर आणि नंतर दादरला जाऊन. प्रत्येकाचे घर वेगळे आणि आजाराचे रूपही वेगळे, त्यामुळे माझा अनुभव सर्वांना जसाच्या तसा लागू पडेल असे मी म्हणणार नाही.

व्हिडिओची बाजू लंगडी मुळीच नाही. नैराश्य तीव्र असते तेव्हा अंघोळ करून घराबाहेर पडणे हेच डोंगराएवढे काम होऊन बसते, आणि अशा दिवसांत अंथरुणाजवळचा मोबाइल हाच उपचार चालू ठेवतो. मराठीतून बोलणारी थेरपिस्ट हवी असेल, तर पुण्याची किंवा नागपूरचीही चालते. रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या तरी सेशन बुडत नाही. सीबीटीसारख्या (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या) पद्धतींचा गुण व्हिडिओवरही जवळपास प्रत्यक्षाइतकाच येतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि त्यावर शंका घेण्याचे मला कारण नाही.

माझे अडले ते घराच्या भिंतींपाशी. आमचे घर वन बीएचके. संध्याकाळी आई हॉलमध्ये मालिका पाहत असे, मुलगी तिथेच अभ्यासाला बसे, आणि मी बेडरूमचे दार लोटून पलंगाच्या कडेला बसत असे. हेडफोनमुळे थेरपिस्टचे बोलणे कोणाला ऐकू जात नसे. माझे मात्र जात असे. त्यामुळे माझी उत्तरे हळूहळू ‘हो’, ‘नाही’, ‘तसंच काहीसं’ एवढ्यावर आली. आईविषयी प्रश्न आला की मी उत्तर चॅटमध्ये टाइप करू लागलो. जगण्यात काही अर्थ उरलेला नाही असे मनात येते, हे एका संध्याकाळी सांगायचेच असे ठरवून मी बसलो होतो. तेवढ्यात दारावर टकटक करून आईने विचारले, ‘अरे, चहा टाकू का?’ मग मी ऑफिसच्या कामाचे काहीतरी बोलू लागलो. थेरपिस्ट उत्तम होती, इंटरनेटही चांगले होते. पण जे बोलायला मी पैसे मोजत होतो, तेच मला त्या खोलीत बोलता येत नव्हते.

दादरच्या त्या लहानशा खोलीचे दार लागते आणि पलीकडे ओळखीचे कोणी नसते. तिथे मी पहिल्याच भेटीत मोठ्याने बोललो आणि रडलोही. बोलताना माझा उजवा पाय सारखा हलतो आणि पैशांचा विषय निघाला की एकदम थांबतो, हे तिथल्या थेरपिस्टच्या लक्षात आले. मोबाइलच्या चौकटीत चेहरा आणि खांदे एवढेच दिसत असत. प्रवासाचाही मला उपयोग झाला, असे वाटते. गर्दीत जीव घाबरतो म्हणून लोकल टाळली की तेवढ्यापुरते बरे वाटते, पण भीती घट्ट होत जाते. म्हणून आम्ही दुपारच्या स्लो लोकलपासून सुरुवात करून हळूहळू गर्दीच्या वेळेकडे सरकलो. नैराश्यातही उभारी वाटेल तेव्हा बाहेर पडू, असे म्हणत थांबण्यापेक्षा आधी बाहेर पडायचे आणि उभारीला मागून येऊ द्यायचे, हाच उपचाराचा एक भाग असतो.

फीमध्ये मला फारसा फरक आढळला नाही. प्रत्यक्ष भेटीत खर्च होतो तो वेळ. खासगी फी परवडत नसेल, तर केईएम, नायर आणि शीवच्या महापालिका रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. गर्दीमुळे तिथे निवांत बोलायला वेळ कमी मिळतो, पण औषधांची गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञ तिथेच भेटतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) निवडताना, मार्ग कोणताही असो, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी अवश्य विचारावी. मरणाचे विचार येत असतील, तर या तुलनेत वेळ घालवू नये: केंद्र सरकारची २०२२ पासून चालू असलेली टेली-मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते, आणि जिवाला धोका वाटत असल्यास घरच्या कोणाला तरी सोबत घेऊन थेट रुग्णालयात जावे.

तुमच्याकडे दार लावता येईल अशी खोली असेल आणि त्या तासात कोणी हाक मारणार नाही अशी खात्री असेल, तर व्हिडिओने सुरुवात करायला माझी हरकत नाही. पण घर आमच्यासारखे असेल, तर पहिल्या काही भेटी तरी प्रत्यक्ष घ्याव्यात, असे मी सुचवेन. शक्य असल्यास वेळ दुपारची मागावी. त्या वेळी लोकलमध्ये बसायला जागा मिळते, आणि परत येताना रडून लाल झालेले डोळे घरी पोहोचेपर्यंत निवलेले असतात.