फौजी म्हणाला म्हणून विश्वास ठेवला, गिअरबॉक्सच्या नावाखाली 26,951 रुपये गेले

लिहायची लाज वाटते, तरी लिहितोय. दुसऱ्या कुणाचे तरी वाचतील.

माझी 2011 ची बोलेरो पिकअप आहे, एमएच-11 पासिंग. आल्याची पोती वाहतो, त्यावरच घर चालतं. दोन महिन्यांपूर्वी तिसरा गिअर आपोआप सुटायला लागला. भरल्या गाडीने चढ चढताना लिव्हर हाताने दाबून धरावा लागायचा. ऑइल काढलं तर त्यात पितळेचा चुरा. सिंक्रोच्या रिंगा (गिअर नीट बसवणाऱ्या पितळी कड्या) गेल्या, हे कळायला मिस्त्री लागत नाही. गॅरेजमध्ये 31,000 सांगितले. त्यात पासिंग महिन्यावर आलेलं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरसाल करावंच लागतं.

म्हणून काम घरीच काढलं. गाडी दारात घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवली, पुतण्याला हाताशी घेऊन गिअरबॉक्स उतरवला. हौद्याचा गंज घासून प्रायमर मारला, केबिनच्या कडेला पुट्टी भरली, रिफ्लेक्टर पट्ट्या नव्या लावल्या: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. राहिला फक्त गिअरबॉक्स. जुना घ्यायचं ठरवलं. यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. आरसीवर इंजिन आणि चेसिसचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. सगळेच घेतात.

ऑनलाइन जाहिरात दिसली: चालू गाडीतून काढलेला गिअरबॉक्स, 18,500. फोन केला. ‘जय हिंद’ने सुरुवात. पुण्यात पोस्टिंग आहे, बदली झाली, अपघातातली गाडी सुटी करून विकतोय म्हणाला. ओळखपत्र पाठवलं, कँटीन कार्ड पाठवलं, वर्दीतला फोटो पाठवला. तुम्ही म्हणाल, हा प्रकार जुना आहे. आहेच. पण आमच्या सातारा जिल्ह्यात फौजी म्हटलं की घरचा माणूस. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत इथं. माझे वडील, आबा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेत. वर्दी बघितल्यावर मी कागद तपासत बसणार होतो का? ओळखपत्राच्या फोटोवर कधीच जाऊ नका. तो फोटो कुणा खऱ्या जवानाचा चोरलेला असू शकतो.

आता जे मला रात्री झोपू देत नाही ते सांगतो. त्याने गिअरबॉक्सचे तीन फोटो पाठवले. माझा बॉक्स समोर अंगणात पडलेला होता. माझ्या बॉक्सला स्पीडोमीटरच्या केबलची जागा आहे, फोटोतल्या बॉक्सला ती दिसत नव्हती. मी बघितलं. विचारलंसुद्धा. तो म्हणाला, “दुसरी तरफ है सर।” आणि मी मान्य केलं! पंधरा वर्षं हीच गाडी खोलतोय, केबल कुठल्या बाजूला लागते ते मला झोपेतही सांगता येईल. तिथंच फोन ठेवायला हवा होता. त्याच बाजूचा फोटो मागायचा, सोबत आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवायला लावायची. दिला नाही तर विषय संपला.

आधी 3,500 ॲडव्हान्स. मग आर्मीच्या गाडीने पाठवतो म्हणून 4,850 भाडं, त्याची पावतीही आली. मग गेट पासचं डिपॉझिट 9,300, माल उतरला की परत. ते गेल्यावर म्हणाला, रक्कम चुकली, 9,301 हवी होती, सिस्टीममध्ये अडकली, पुन्हा पाठवा, दोन्ही परत येतील. मी पाठवले. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव वेगळंच होतं, त्यावर ‘युनिटचा अकाउंटंट’ असं उत्तर मिळालं. पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही, आणि परत मिळण्यासाठी आधी भरा म्हणणारा चोरच असतो. आबांना विचारलं असतं तर एका वाक्यात प्रकरण मिटलं असतं. नंतर ते एवढंच म्हणाले, “फौजेची गाडी तुझा गिअरबॉक्स कशाला वाहील?”

लाजेपायी रात्र घालवली, ही दुसरी चूक. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला. तक्रार नोंदली, पण तोवर त्याचं खातं रिकामं झालेलं. पैसे गेले की त्याच मिनिटाला 1930 लावा, घरच्यांना नंतर सांगा.

बँकेत गेलो. “पिन तुम्हीच टाकला ना?” झालं, पुढे कुणी मान वर करून बघितलं नाही. पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरकडे जा. तिथं म्हणाले, ऑनलाइन केलंय ना, मग थांबा. परत ठाण्यात आलो तर साहेब बंदोबस्ताला. चौथ्या खेपेला एकाने ऐकवलं, “एवढ्याशा पैशासाठी?” 26,951 रुपये माझ्या घरात एवढेसे नाहीत! वर आरोपी परराज्यातला, हद्द आमची नाही. मी वाचून गेलो होतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 173 सांगतं की गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती देता येते. हे बोललो तर म्हणाले, “वकील आहात का?” त्याच कलमात आहे की नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पोस्टाने पाठवा. मी रजिस्टर पोस्टाने पाठवलंय, पोच जपून ठेवलीय. तुम्हीही तोंडी बोलून परत येऊ नका, अर्जावर शिक्का घ्या. चॅट पुसू नका, व्यवहार क्रमांक कागदावर उतरवून ठेवा.

जुना पार्ट जुन्या बाजारात जाऊन, हाताने फिरवून, शाफ्ट किती ढिला हलतो ते बघून, झाकण काढून दात बघूनच घ्या. घरपोच नकोच.

गाडी अजून घोड्यांवरच आहे, पासिंगची तारीख गेली. परवा पुतण्याने मोबाईल दाखवला: तीच जाहिरात, नाव बदललेलं, किंमत आता 17,000. फोटो तेच तीन, केबलची जागा न दिसणारे.