अप्पांची लॅम्बी: चौदा महिने, साडेतीन हजार किलोमीटर

ही गाडी मी विकत घेतलेली नाही, गोठ्यातून उचलून आणली आहे. तेव्हा "पैसे वसूल झाले का" हा प्रश्न माझ्याबाबतीत निकालात निघतो. १९७८ सालची लॅम्बी १५०, आमच्या अप्पांची. राधानगरीकडे आत्याच्या गोठ्यात बावीस वर्षं उभी होती. सीटवर कोंबडी अंडी घालायची, असं आत्या अजून कौतुकाने सांगते.

ज्यांना लॅम्बी माहीत नाही त्यांच्यासाठी: ही लॅम्ब्रेटाच. मिलानच्या इनोचेंती कारखान्याची ही स्कूटर मुंबईची ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एपीआय, परवान्यावर करायची. १९७२ च्या सुमारास इनोचेंतीची यंत्रं आणि नावाचे हक्क सरकारच्या स्कूटर्स इंडियाने घेतले. लखनौहून मग विजय सुपर आली, आणि मुंबईच्या गाडीला नवीन नाव शोधावं लागलं. अख्खं नाव गेलं, लाडाचं तेवढं उरलं.

खरं सांगायचं तर तेव्हा घरात ही कुणालाच नको होती. सगळ्यांना बजाज हवी होती, आणि बजाजला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. अप्पा थांबून थांबून कंटाळले आणि एका ओळखीच्या माणसाची वापरलेली लॅम्बी घेऊन आले. गल्लीत दोन चेतक होत्या, आणि एक येझदी, जिच्या किकचाच दांडा पुढे पाडला की त्याचा गियर व्हायचा (आम्हा पोरांना ती जादू वाटायची). आमच्या गाडीला पोरं 'लांबडी' म्हणायची. मला लाज वाटे. शाळेच्या फाटकाच्या अलीकडेच उतरव, असा मी हट्ट करायचो.

पण पुढे उभं राहायला तिच्यासारखी गाडी नाही. हँडलच्या मधोमध हनुवटी, दोन्ही बाजूंना अप्पांचे हात, आणि रंकाळ्यावरून येणारा वारा थेट दातांवर. मागे आई एका बाजूला पाय सोडून, आईच्या मांडीवर धाकटी.

आता दुरुस्ती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक सत्तरीचे मिस्त्री अजून या इंजिनला हात लावतात. त्यांनी बाजूचे पत्रे काढले, आत उंदराचं घर निघालं, ते बाजूला सारून म्हणाले, "गाडीला काय बी झालेलं न्हाई. तुमीच वाट लावलीसा तिची." सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, नवे ऑइल सील, क्लच प्लेटा, सगळ्या केबली, वायरिंग. एक बुश कुठेच मिळेना, तर समोरच्या लेथवर अर्ध्या तासात करून मिळाला. कोल्हापुरात राहण्याचा हा फायदा. एकूण एक्केचाळीस हजार गेले, रंग वेगळा. नोंदणीचं नूतनीकरण, विमा, पीयूसी हे आधी उरकून घ्या. रंगाचा विचार नंतर.

चालवायला कशी आहे? सरळ. हेच तिचं मोठं वैशिष्ट्य. चेतकचं इंजिन उजव्या बाजूला, म्हणून वजनही तिकडे. आणि थंडीत ती डावीकडे वाकडी करून मग किक मारायची, हे अख्ख्या महाराष्ट्राने केलंय. लॅम्बीचं इंजिन मधोमध, आडवं. हात सैल सोडला तरी गाडी एका बाजूला ओढत नाही. मागच्या चाकापर्यंत ताकद साखळीने जाते, पण ती साखळी बंद पेटीत तेलात बुडालेली, त्यामुळे मोटरसायकलसारखी आठवड्याला ताणत बसावी लागत नाही. पेटीत ९० नंबरचं ऑइल, साधारण पाऊण लिटर. माझी तिथून अजून थेंब-थेंब गळते. गॅस्केट दोनदा बदललं. आता खाली पुठ्ठा ठेवतो.

चाकं दहा इंची, टायर चेतकच्याच मापाचा, त्यामुळे टायर-ट्यूबची चिंता नाही. रिम दोन भागांची, नट सोडले की उघडते. फक्त आधी हवा पूर्ण काढा. माझा भाचा उत्साहात हवा न काढताच पान्हा लावायला निघाला होता, मिस्त्री असे ओरडले की चहावाला बाहेर आला.

ब्रेक म्हणजे विनंती अर्ज. मंजूर होतो, पण वेळ लागतो. पुढच्या रिक्षापासून दुप्पट अंतर ठेवायची सवय पहिल्या आठवड्यातच लागली. दिव्याचंही तसंच: सिग्नलला थांबलात की मिणमिणता, रेस केली की उजेड. रात्री हायवेला मी नेत नाही. पन्हाळ्याला दोघं बसून चार वेळा गेलो. वीस किलोमीटर, शेवटचा घाट दुसऱ्या गियरवर रडत रडत, पण थांबली नाही. ॲव्हरेज बत्तीसच्या आसपास.

सगळ्यात मोठी डोकेदुखी पेट्रोलची. ही टू-स्ट्रोक, लिटरला चाळीस मिली टू-टी ऑइल हाताने घालायचं. पंपावरच्या पोराला हे सांगितलं की तो आधी गाडीकडे बघतो, मग माझ्याकडे. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबराला मानवत नाही. पहिल्या पावसाळ्यात पेट्रोलची नळी कडक होऊन तडकली आणि कार्बोरेटरमध्ये पांढरट चिकटा साचला. तेव्हापासून इथेनॉलला टिकणारी नळी टाकली, आणि गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटर कोरडा करूनच ठेवतो.

कोरडा करायचा म्हणजे सीटखालचा पेट्रोलचा कॉक आधी बंद करायचा आणि उरलेल्या पेट्रोलवर घरी पोचायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा आईला मागे बसवून दवाखान्यातून येत होतो. वय चौऱ्याहत्तर, तरी एका बाजूलाच बसणार. आमच्या गल्लीच्या अलीकडचा पिंपळ आला आणि मागून पाठीवर थाप: "कॉक बंद कर." पंचवीसेक वर्षांनी. अप्पा तिथेच बंद करायचे. पिंपळापासून दारापर्यंत गाडी बरोब्बर येते, दारात फुसकन बंद पडते. मी मोजून पाहिलं, आजही तेवढंच अंतर.

सोबत काय ठेवावं: जादा प्लग, प्लगपान्हा, पॉलिश पेपर, क्लचची केबल, कपडा. प्लग पंधरा दिवसांनी काळा होतोच. दोनदा रस्त्यात साफ केला, दोन्ही वेळा कुणीतरी साठीचा माणूस स्कूटर थांबवून "आमच्याकडं होती बरं का" म्हणत उभा राहिला. घाईत असाल तर ही गाडी घेऊ नका. प्लगला पाच मिनिटं लागतात, गप्पांना अर्धा तास.

एक मित्र मागे लागलाय की दोन वर्षं थांब, ही पन्नाशीची होईल, मग व्हिंटेज म्हणून नोंदव. २०२१ साली केंद्राने तसे नियम केले आहेत: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, नोंदणीची फी वीस हजार. फक्त मग ती रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. आईला हे समजावून सांगितलं. तिने मेथी निवडता निवडता ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मंडईला न्यायची नाही? मग वीस हजार कशाचे?"